क्वीन मॉड लँडचे डोंगर आणि शिर्माकर ओॲसिस: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून टाकतो, मी तिथे गेलेलो नाही. नकाशे बघायचं वेड आहे आणि जाऊन आलेल्या दोन-चार लोकांना प्रश्न विचारून विचारून छळलंय, एवढीच माझी लायकी. पण 'अंटार्क्टिकातलं भारताचं मैत्री हे संशोधन स्टेशन जिथे आहे तिथला भूगोल नेमका कसा आहे' हे मराठीत नीट कुठे सापडत नाही, आणि ट्रेकिंगवाली मंडळी मला तेच तेच प्रश्न परत परत विचारतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

हा भाग अंटार्क्टिकात नेमका कुठे येतो?

आफ्रिकेच्या खालच्या टोकापासून सरळ दक्षिणेला निघा, केपटाउनहून चार हजार किमीच्या जरा पुढे गेलात की बर्फाचा किनारा लागतो, तोच क्वीन मॉड लँड. २० अंश पश्चिम रेखांशापासून जवळजवळ ४५ अंश पूर्वेपर्यंत पसरलेला प्रचंड पट्टा आहे, क्षेत्रफळ साधारण २७ लाख चौरस किमी, म्हणजे अख्ख्या भारताच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्तच. आपण बोलतोय त्यातल्या मधल्या तुकड्याबद्दल, ८ ते १४ अंश पूर्व रेखांशाच्या आसपासचा. तिथे किनाऱ्याजवळ शिर्माकर ओॲसिस आहे आणि आत वोल्थाट आणि ऑर्विन या डोंगररांगा. गोव्याहून सरळ रेघ मारली तर साडेदहा हजार किमीच्या आसपास पडतं, अर्थात सरळ रेघेत कोणी जात नाही.

अंटार्क्टिका म्हणजे सपाट पांढरं वाळवंट ना? डोंगर कुठून आले?

हा गैरसमज फोटोंमुळे झालाय. डोंगर भरपूर आहेत, फक्त बर्फाखाली गाडलेले आहेत. बर्फाची सरासरी जाडी दोन किमीच्या घरात असल्यावर दुसरं काय होणार. काही रांगा तर अशा आहेत की त्यांचं एक टोकसुद्धा वर दिसत नाही, पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यातले गाम्बुर्त्सेव्ह पर्वत १९५८ मध्ये सोव्हिएत लोकांना सापडले ते बर्फाखालच्या मोजमापांतून, डोळ्यांनी ते कोणीच पाहिलेले नाहीत. अख्ख्या खंडावर उघडा खडक अर्धा टक्कासुद्धा नाही. क्वीन मॉड लँडमध्ये मात्र किनाऱ्याला समांतर, किनाऱ्यापासून दीडशे-दोनशे किमी आत, डोंगरांची एक लांबच लांब माळ बर्फातून वर डोकावते. बर्फातून असा एकटा सुळका वर आला की त्याला नुनाटक म्हणतात, शब्द ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा आहे आणि आता जगभर चालतो.

एका वाक्यात तिथली रचना समजावून सांग ना.

कोकण, घाट आणि देश, फक्त सगळ्यावर बर्फ ओतलेला.

एका वाक्याने भागत नाही पण, कारण हीच गोष्ट मला सगळ्यात आवडते आणि ती नीट सांगायची आहे. आपण अलिबागकडून निघालो की आधी सखल पट्टी, मग मध्येच छोट्या टेकड्या, मग एकदम अंगावर येणारा कडा, आणि वर चढून गेलं की देशावर जमीन हळूहळू पसरत जाते, तिकडून बघितलं तर घाट आहे की नाही ते कळतसुद्धा नाही. इथे अगदी तसंच आहे. समुद्राकडून आलात की आधी आइस शेल्फ, म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर, काहीशे मीटर जाडीचा, वरून पाटासारखा सपाट. ऐंशी-शंभर किमी असं गेल्यावर शिर्माकरच्या बुटक्या उघड्या टेकड्या. त्यांच्या मागे बर्फाचा उतार चढत जातो, आणि अजून ऐंशी-शंभर किमी आत गेलं की खरे डोंगर. त्यांच्या पलीकडे ध्रुवीय पठार, अडीच-तीन हजार मीटर उंचीचं, दक्षिण ध्रुवापर्यंत पसरलेलं.

आता गंमत बघा, हे डोंगर धरणाच्या भिंतीसारखे उभे आहेत आणि पठारावरचा बर्फ त्यांच्या मागे साठलाय. त्यामुळे उत्तरेकडून म्हणजे समुद्राच्या बाजूने बघितलं की हजार-दीड हजार मीटरच्या उभ्या भिंती दिसतात, आणि दक्षिणेकडून आलात तर त्याच डोंगराचा वरचा थोडासा तुकडा टेकाडासारखा दिसतो. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून आरामात चढून गेलेल्या माणसाला कोकणकड्याशी गेल्यावर जे वाटतं ना, तसंच. आणि हे साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही, दोन्हीकडे कारण एकाच जातीचं आहे: मोठा खंड फाटला, तुकडे लांब गेले, आणि फाटलेल्या काठाला समांतर उंच कडा उरली. इथे तो खंड गोंडवाना.

मग बर्फ डोंगर ओलांडून खाली येतो कसा?

जिथे खिंड मिळेल तिथून. आपल्याकडे घाटातून रस्ते उतरतात, तिथे हिमनद्या उतरतात. दोन रांगांच्या मधून बर्फाचे रुंद पट्टे सावकाश खाली सरकतात, कडेला घासताना आणि उतारावर वळताना त्यांना भेगा पडतात, आणि या भेगा म्हणजे क्रेव्हास, तिथली खरी भीती हीच. थंडीची तयारी करता येते, पण वर बर्फाचा पातळ पूल आणि खाली तीस-चाळीस मीटरची फट असली की काही कळत नाही. म्हणून बर्फावरून जाणारे लोक एकमेकांना दोर बांधून चालतात आणि गाड्या ठरलेल्या, तपासलेल्या वाटेवरूनच जातात.

शिर्माकरला ओॲसिस का म्हणतात? तिथे काय खजुराची झाडं आहेत?

नाही हो, एक झाड नाही, एक गवताची काडी नाही. वाळवंटात जशी पाण्याची जागा तशी बर्फात खडकाची जागा, म्हणून ओॲसिस. फक्त ३५ चौरस किमीच्या आसपासचा तुकडा आहे, सतरा-अठरा किमी लांब आणि जास्तीत जास्त तीन-साडेतीन किमी रुंद, पूर्व-पश्चिम पडलेला, काकडीसारखा. सगळ्यात उंच टेकडी सव्वादोनशे मीटरची. दक्षिणेला बर्फाच्या चादरीची कड, उत्तरेला आइस शेल्फ, आणि मध्ये हा तपकिरी दगड. एवढ्याशा जागेत शंभरहून जास्त तळी आहेत.

बर्फ का नाही त्याची कारणं दोन-तीन एकत्र आहेत. दक्षिणेकडून येणारा बर्फ खालच्या उंचवट्याने अडतो आणि बाजूने वळतो. पडलेला भुरभुरीत बर्फ वारा उडवून नेतो. आणि एकदा का काळा खडक उघडा पडला की उन्हाळ्यात चोवीस तास ऊन खाऊन तो तापतो, शेजारचा बर्फ वितळवतो, म्हणजे उघडा खडक स्वतःच स्वतःला उघडा ठेवतो. हवा इतकी कोरडी आहे की बराचसा बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन जातो.

तळ्यांमध्ये पाणी असतं का गोठलेलं असतं?

शिर्माकरमधली बरीच तळी उन्हाळ्यात सुटतात, हिवाळ्यात वरून गोठतात पण खाली पाणी राहतं. मैत्री स्टेशनच्या दाराशीच प्रियदर्शिनी तळं आहे, प्यायचं पाणी तिथूनच पंपाने ओढतात, पाइपला गरम ठेवावं लागतं नाहीतर संपलं. उत्तरेच्या कडेची काही तळी और आहेत, दिसायला गोड्या पाण्याची पण आइस शेल्फच्या खालून समुद्राशी जोडलेली, त्यामुळे त्यांची पातळी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, समुद्र शंभर किमी लांब असताना! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

पण खरं नवल बघायचं तर शिर्माकरच्या आग्नेयेला ९० किमीवर वोल्थाटच्या ग्रुबर डोंगरात ऊंटरझे नावाचं तळं आहे. अकरा चौरस किमीपेक्षा मोठं, खोली दीडशे मीटरच्या वर, आणि वरची साधारण तीन मीटर जाडीची बर्फाची झाकणी कधीच उघडत नाही, उन्हाळा असो की हिवाळा. उत्तरेकडून अनुचिन हिमनदीने तोंड बंद केलंय त्यामुळे पाणी बाहेर पडायला वाटच नाही. वरचा बर्फ वाऱ्याने झिजत जातो आणि तेवढं पाणी हिमनदीच्या बुडालेल्या भिंतीतून वितळून आत येतं, असा हिशोब चालतो. हवेशी संबंध तुटल्यामुळे पाणी भलतंच अल्कधर्मी झालंय, सामू दहाच्या वर, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं. आणि तळाशी काय आहे, तर जांभळट सूक्ष्मजीवांचे शंकूसारखे ढीग, काही अर्धा मीटर उंच. पृथ्वीवर तीन अब्ज वर्षांपूर्वी जे जीव होते त्यांनी अशाच रचना केल्या होत्या, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, आणि इथे ते आजही वाढतायत. मंगळावर, गुरूच्या चंद्रावर जीव शोधायचे असतील तर कसे दिसतील याचा सराव म्हणून शास्त्रज्ञ या तळ्यात बर्फाला भोक पाडून डुबक्या मारतात.

२०१९ मध्ये शेजारचं ओबरझे तळं फुटून त्याचं पाणी यात आलं आणि पातळी मीटर-दोन मीटरने वाढली. हिमतळी फुटणं फक्त हिमालयात होतं असं नाही.

तिथले दगड आपल्यासारखेच आहेत का? भारत आणि अंटार्क्टिका जोडलेले होते ना?

जोडलेले होते, पण इथे लोक एक घोळ घालतात. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि भारत अंटार्क्टिकापासून सुटला साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्री झाला तेव्हा आपण कधीच निघालेलो होतो. त्यामुळे 'तिथे सह्याद्रीचे दगड सापडतात' वगैरे फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नका.

नातं आहे ते जुन्या दगडांचं आणि ते पूर्व घाटाशी. त्यातसुद्धा भारताला अगदी चिकटलेला भाग मैत्रीपासून तीन हजार किमी पूर्वेला, जिथे आपलं दुसरं स्टेशन भारती आहे, त्या बाजूचा. मैत्रीच्या भागाचे त्या वेळचे शेजारी आफ्रिका आणि श्रीलंका. शिर्माकरचा खडक ग्नाइस जातीचा, खोल जमिनीत भाजून-दाबून पट्टे पट्टे झालेला, पन्नास कोटी ते शंभर कोटी वर्षांचा इतिहास त्यात आहे.

डोंगरांमध्ये चार्नोकाइट नावाचा खडक भरपूर आहे, आणि हे नाव अस्सल भारतातलं. कलकत्त्यात जॉब चार्नोक या इंग्रजाच्या थडग्याचा दगड बघून थॉमस हॉलंडने हे नाव दिलं, आणि तो दगड चेन्नईच्या बाजूचा. म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या पार टोकाच्या सुळक्यांच्या खडकाचं नाव कलकत्त्याच्या एका कबरीवरून आलंय. ग्रुबर डोंगरात अनॉर्थोसाइटचा मोठा गोळा आहे, हा तर चंद्रावरच्या उजळ डोंगराळ भागाच्या जातीचा दगड.

सगळ्यात भारी डोंगर कोणता?

उंचीने म्हणाल तर पश्चिमेच्या म्यूलिग-हॉफमान रांगेतलं यॉकुलशिर्का, ३,१४८ मीटर. पण ते बर्फाने गोल झालेलं आहे, बघणाऱ्याला काही वाटत नाही.

दिसायला म्हणाल तर उल्वेटाना. २,९३१ मीटर, नॉर्वेजियन भाषेत अर्थ लांडग्याचा दात. आजूबाजूला असेच दहा-बारा सुळके अर्धवर्तुळात उभे आहेत आणि त्या सगळ्याला फेनरिसशेफ्टेन म्हणतात, म्हणजे नॉर्स पुराणातल्या फेनरिस लांडग्याचा जबडा. नाव ठेवणाऱ्याने नुसतं फोटो बघून ठेवलं असणार इतकं ते शोभतं. सपाट पांढऱ्या बर्फातून हजार मीटरच्या उभ्या भिंती थेट वर येतात, पायथ्याशी दगडगोटे नाहीत, झाडी नाही, काही नाही. १९९४ मध्ये ईवार टोलेफसेनच्या नॉर्वेजियन टीमने पहिली चढाई केली. मैत्रीपासून नैऋत्येला दीडशे-पावणेदोनशे किमी असेल.

आपल्याकडच्या सुळके चढणाऱ्यांना एकच सांगतो, तिथे दगड चांगला पक्का आहे म्हणतात पण उणे वीसमध्ये होल्ड धरायचा तर हातमोजे काढावे लागतात, आणि काढले की दोन मिनिटांत बोटं गेली.

हवामान कसं असतं? मैत्रीला उणे ऐंशी असतं हे खरं?

खोटं. उणे ऐंशी वगैरे पठारावरच्या उंच जागी, उदाहरणार्थ याच क्वीन मॉड लँडमध्ये खूप आत जपानचं डोम फुजी स्टेशन आहे, ३,८१० मीटरवर, तिथे तसलं काहीतरी होतं. शिर्माकर समुद्रसपाटीच्या जवळ आहे. वर्षाची सरासरी उणे दहाच्या आसपास, उन्हाळ्यात शून्याच्या जरा वरखाली, हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जातं. लेह-द्रासच्या माणसाला आकडा ऐकून घाम फुटणार नाही.

फुटतो तो वाऱ्याने. पठारावरची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहायला लागते, हा कॅटाबॅटिक वारा, आणि तो वर्षभर बहुतेक वेळ एकाच दिशेने म्हणजे आग्नेयेकडून येतो. ताशी ३५ किमी ही तिथली *सरासरी* आहे, वादळात शंभरच्या पुढे आरामात. त्यात जमिनीवरचा बर्फ उडायला लागला की आपलाच हात दिसत नाही, मग एका इमारतीतून दुसरीत जातानासुद्धा दोर धरून जावं लागतं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत उगवत नाही. आणि हो, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो.

हा निळा बर्फ काय प्रकार आहे?

डोंगरांच्या आडोशाला वारा असा काही वळतो की वरचा सगळा भुसभुशीत बर्फ उडून जातो आणि खालचा जुना, दाबून घट्ट झालेला, हवेचे बुडबुडे संपलेला बर्फ उघडा पडतो. तो निळा दिसतो. त्याचे दोन फार मोठे उपयोग झाले.

एक, उल्का. पठारावर हजारो वर्षांत पडलेल्या उल्का बर्फात गाडल्या जाऊन बर्फाबरोबर सरकत येतात, डोंगराशी अडतात, वारा वरचा बर्फ खातो आणि त्या पृष्ठभागावर उरतात. १९६९ मध्ये जपानी टीमला पूर्वेकडच्या यामातो डोंगरांपाशी एकाच जागी नऊ सापडल्या, त्या तपासल्यावर वेगवेगळ्या जातीच्या निघाल्या, म्हणजे एका उल्केचे तुकडे नव्हेत. तिथून अंटार्क्टिकात उल्का गोळा करायची पद्धतच सुरू झाली.

दोन, विमानं. निळा बर्फ काँक्रीटसारखा टणक असतो. रशियाच्या स्टेशनजवळच्या नोवो धावपट्टीवर केपटाउनहून इल्युशिन-७६ उतरतं, पाच-सहा तासांचा प्रवास. पश्चिमेला नॉर्वेच्या ट्रोल स्टेशनला नोव्हेंबर २०२३ मध्ये चक्क बोइंग ७८७ उतरलं.

हे सगळं शोधलं कोणी? नावं अशी जर्मन-नॉर्वेजियन-रशियन खिचडी का?

२७ जानेवारी १८२० ला रशियन मोहिमेच्या बेलिंग्सहाउझेनला अंटार्क्टिकाचा जो बर्फ पहिल्यांदा दिसला तो याच किनाऱ्याचा, थोडा पश्चिमेला. मग शंभर वर्षं कोणी फिरकलं नाही. १९३० च्या आसपास नॉर्वेच्या ऱ्हीसर-लार्सेनने विमानातून किनारा बघितला, त्या काळात नॉर्वेचा सगळा जीव व्हेलच्या शिकारीत होता. आणि १४ जानेवारी १९३९ ला नॉर्वेने आपला हक्क जाहीर केला. घाई का, तर जर्मन येत होते.

जर्मन मोहीम आल्फ्रेड रिचरची, जहाज श्वाबेनलांड, त्यावर दोन डॉर्निअर सी-प्लेन, बोरेआस आणि पासाट. जहाजावरून विमान गोफणीसारखं फेकायचं आणि परत पाण्यावर उतरलं की उचलून घ्यायचं. काही आठवड्यांत त्यांनी हजारो फोटो काढले आणि आतले डोंगर जगाला पहिल्यांदा दिसले. बोरेआसच्या पायलटचं आडनाव शिर्माकर, म्हणून ओॲसिसला ते नाव. वोल्थाट हा बर्लिनमधला अधिकारी, मोहिमेच्या पैशाचं बघणारा, तो इकडे कधी आलासुद्धा नाही. सरकारी साहेबाचं नाव डोंगराला, हे सगळीकडे सारखंच. पुढे १९५०-६० च्या दशकात नॉर्वेने आणि सोव्हिएत लोकांनी नीट नकाशे केले, आपापली नावं घातली, म्हणून एकाच डोंगराला कधी दोन-दोन नावं. आपण आल्यावर प्रियदर्शिनी आणि दक्षिण गंगोत्री आली.

हिटलरचा गुप्त तळ तिथेच होता ना?

नाही. ती मोहीम महिनाभरात परत फिरली, एक खोलीसुद्धा बांधली नाही. त्यांना पाहिजे होतं व्हेलचं तेल, ज्यापासून जर्मनीत मार्गारीन बनत होतं. हक्क सांगायला स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे भाले विमानातून टाकले, एवढंच. उडत्या तबकड्यांवाले व्हिडिओ मलाही येतात, बघतो आणि झोपतो.

भारत तिथे कधी पोचला?

पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली, पोलार सर्कल नावाच्या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून, आणि ९ जानेवारी १९८२ ला उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दक्षिण गंगोत्री स्टेशन उभं केलं, पण ते आइस शेल्फवर, त्यामुळे वर्षागणिक बर्फात गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडावं लागलं. तोपर्यंत शिर्माकरच्या खडकावर मैत्री तयार झालं होतं, १९८९ पासून चालू. बर्फावर घर बांधायचं नाही, हा धडा मिळाला. आता मैत्रीही जुनं झालंय, मैत्री-२ ची तयारी चाललीय.

त्याच तिसऱ्या मोहिमेत भारताच्या पहिल्या दोन बायका गेल्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, ज्यांनी शिर्माकरच्या खडकांचा अभ्यास केला, आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत, नागपूरच्या जन्माच्या, पुण्यात शिकलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेतल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव असायला पाहिजे होतं असं मला वाटतं.

शेजारी कोणी आहे का?

पाच किमीवर रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया, जानेवारी १९६१ पासून. तिथेच ३० एप्रिल १९६१ ला सत्तावीस वर्षांच्या डॉक्टर लिओनिद रोगोझोव्हने स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं, कारण स्टेशनवर दुसरा डॉक्टरच नव्हता आणि हिवाळ्यात विमान येऊ शकत नव्हतं. भूल फक्त पोटाच्या त्वचेला. एकाने आरसा धरला, दुसऱ्याने हत्यारं दिली, पावणेदोन तास लागले, आणि दोन आठवड्यांत गडी कामावर. 'रिमोट' म्हणजे काय ते कळायला ही एक गोष्ट पुरे. पूर्व जर्मनीचं गेओर्ग फोर्स्टर नावाचं स्टेशनही इथे होतं, जर्मनी एक झाल्यावर बंद झालं आणि पार उचलून नेलं.

तिथे काही जिवंत आहे का?

दगडफुलं आणि शेवाळ, मातीत डोळ्यांना न दिसणारे किडे. फुलं येणाऱ्या दोनच वनस्पती अंटार्क्टिकात आहेत आणि त्या खंडाच्या दुसऱ्या बाजूला द्वीपकल्पावर, इकडे नाहीत. स्टेशनच्या आसपास स्कुआ पक्षी घिरट्या घालतात, भुरटे. पेंग्विन बघायचे तर बर्फाच्या काठाशी.

पण डोंगरात, समुद्रापासून दोनशे किमी आत, स्वार्थामारेन नावाच्या उतारावर अंटार्क्टिक पेट्रेल पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे. अंडी घालायला उघडा दगड पाहिजे आणि तो फक्त डोंगरातच, खायला मात्र समुद्रात जावं लागतं, मग हे पक्षी पिल्लांसाठी शेकडो किमी ये-जा करतात. १९८५ ते २०२० या काळात तिथे दरवर्षी वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत घरटी मोजली गेली होती. २०२१-२२ च्या उन्हाळ्यात ऐन विणीच्या वेळी बर्फाची वादळं आली, आणि मोजायला गेलेल्यांना पेट्रेलची घरटी सापडली तीन. हजार नव्हे, तीन.

हवामानबदलाने तिथला बर्फ वितळतोय का?

या भागाचं उत्तर जरा अवघड आहे. पश्चिम अंटार्क्टिकासारखी वाईट परिस्थिती इथे नाही, उलट काही वर्षं इथे हिमवर्षाव जास्तच झाला. मैत्रीजवळच्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचं तोंड आपले भूशास्त्रज्ञ १९८३ पासून मोजतायत, ते मागे जातंय पण हिमालयातल्या हिमनद्यांच्या मानाने अगदी सावकाश. एका आकड्यावरून 'सगळं ठीक' किंवा 'सगळं संपलं' म्हणणाऱ्या दोघांपासून लांब राहा.

जमीन कोणाची? व्हिसा लागतो का?

नॉर्वे म्हणतो आमची. पण १ डिसेंबर १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने सगळे हक्क जिथल्या तिथे गोठवले, कोणी नवा सांगायचा नाही, जुना सोडायचीही सक्ती नाही. भारत १९८३ मध्ये करारात आला, आपण कसलाही हक्क सांगितलेला नाही. खाणकाम १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने बंद. व्हिसा नाही, पण परवानगी लागते, आपल्याकडे २०२२ चा कायदा आहे त्यासाठी.

गंमत म्हणून सांगतो, दक्षिण गंगोत्रीला १९८४ मध्ये पोस्ट ऑफिस उघडलं ते गोव्याच्या पोस्टाखाली, आणि २०२४ मध्ये भारती स्टेशनला उघडलं त्याचा प्रायोगिक पिनकोड एमएच-१७१८, महाराष्ट्र सर्कलखाली. म्हणजे पत्रापुरता का होईना, अंटार्क्टिका आपल्यात आहे.

मला जायचंय. कसं जाता येईल?

पैसे असतील तर केपटाउनहून खाजगी विमानं आहेत, शिर्माकरमध्येच आलिशान कॅम्प आहे. मी आकडा बघितला आणि टॅब बंद केली.

दुसरा रस्ता गोव्यातून. वास्कोला हेडलँड साडाच्या टेकडीवर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या सगळ्या मोहिमा तिथून ठरतात. फक्त शास्त्रज्ञ लागतात असं नाही, डॉक्टर, आचारी, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, सगळे लागतात, हिवाळ्याला मैत्रीवर पंचवीसेक माणसं राहतात. दिल्लीला मेडिकल, मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फाचं ट्रेनिंग. सामान जहाजाने बर्फाच्या काठापर्यंत येतं आणि पुढचे शंभर किमी पिस्टन बुली नावाची पट्ट्यावर चालणारी वाहनं स्लेज ओढत नेतात.

आठवण म्हणून एखादा दगड आणला तर?

नाही. संशोधनाला परवानगीने आणतात, खिशातून नाही.

घरबसल्या नीट बघायचं कसं?

नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचं क्वांटार्क्टिका नावाचं नकाशांचं पॅकेज फुकट मिळतं, जरा शिकावं लागतं पण एकदा जमलं की रात्री दोन वाजतात कळत नाही. ते नको असेल तर कुठलाही सॅटेलाइट नकाशा उघडा, ७० अंश ४६ मिनिटं दक्षिण, ११ अंश ४४ मिनिटं पूर्व टाका, एवढीशी तपकिरी काकडी दिसेल, तेच शिर्माकर. आता नकाशा डावीकडे फिरवा, उत्तर डाव्या हाताला येईल अशी. म्हणजे समुद्र डावीकडे, काकडी उभी, तिच्या उजवीकडे बर्फाचा चढ, मग डोंगरांची रेघ आणि पलीकडे पठार. शेजारच्या खिडकीत अलिबाग ते नगर उघडून ठेवा.